जुन्या शहरात भाड्याने घर घेतोय, काय बघू?

नोकरी महानगरात, पण तिथल्या भाड्यात हाती येतं ते खुराडं. म्हणून गाडीने तासाभरावर असलेल्या एका छोट्या ऐतिहासिक शहरात घरं बघतोय. त्यातलं एक तटबंदीच्या आत आहे. दगडी इमारत, दुसरा मजला, लाकडी जिना, खिडकीतून समोर घंटाघर. बायको त्या खिडकीच्या प्रेमात पडली आहे, आणि खरं सांगायचं तर मीही. ऑफिस आठवड्यातून चार दिवस. सही करण्याआधी काय तपासू?

पायपीट: खिडकी राहू द्या, आधी गाडीचं बघा. तुमचा तास हा फलाट ते फलाट आहे. घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजा, तेही सोमवारी सकाळी स्वतः जाऊन. मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणसं दिवसाला जाऊन-येऊन सरासरी तासभरच प्रवास करत आली आहेत. तुमचा आत्ताच दुप्पट होतोय. आणि शेवटची गाडी कितीची? मी पाच वर्षं अशा गावात राहतोय. प्रत्येक समारंभातून जेवण वाढायच्या आत उठलोय.

ओलभिंत: पायपीट यांना अनुमोदन. आता घराचं. जमिनीतली ओल भिंतीत साधारण मीटरभर चढते, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर तिची भीती नाही. तिथे डाग दिसला तर छत किंवा नळ गळतोय. नुकताच रंग दिलेला असेल तर खूश होऊ नका, कपाट पुढे ओढून मागे वास घ्या. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. प्रत्येक खोलीत फोन लावून बघा, जाड दगडातून रेंज येत नाही. आणि जिन्याचं वळण मोजा! आमचा सोफा अजून सासऱ्यांकडे आहे.

भाडेकरू_कायमचा: इमारत संरक्षित यादीत आहे का विचारा. असेल तर खिडकी बदलायला, एसीचं बाहेरचं युनिट लावायलाही परवानगी लागू शकते. ती कोण काढणार हे करारात लिहून घ्या. पर्यटकांचं गाव असेल तर करार वर्षभराचा हवा. मला ऐन हंगामात घर सोडायला लावलं होतं, कारण तीच खोली रोजाने जास्त पैसे देत होती.

निद्रानाश: घंटाघर दिसतं म्हणजे ऐकूही येत असणार. रात्री जाऊन आलात का?

धागाकर्ता: सर्वांचे आभार. काल रात्री जाऊन आलो. घंटा दर पंधरा मिनिटांनी, पहाटेसुद्धा. त्याच इमारतीत मागच्या बाजूला एक घर रिकामं आहे, तिथे ऐकू येत नाही. खिडकीतून फक्त शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. बायकोला हे कसं सांगायचं, यावर वेगळा धागा काढतो.