समर प्री-कॉलेज प्रोग्रामचा अ‍ॅडमिशनला खरंच उपयोग होतो का? (बजेट १५०० डॉलर)

मुक्ता_एडिसन
लेक दहावीत आहे, म्हणजे इथली सोफोमोर. परवा तिच्या नावानं जाडजूड पाकीट आलं. आत सायीच्या रंगाचा कागद, सोनेरी शिक्का, आणि 'आपले नामांकन झाले आहे'. एका बड्या विद्यापीठाच्या आवारात जुलैत दोन आठवडे जीवशास्त्र. फी ५४०० डॉलर. नवरा म्हणतो, नामांकन आलंय तर सोडायचं कशाला. आमचं बजेट १५००, अगदीच ताणलं तर १८००. आम्ही एच-४ वाले (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा), त्यामुळे तिला नोकरी करता येत नाही. अशा प्रोग्रामनं अ‍ॅडमिशनला काही फरक पडतो का? अनुभव असलेल्यांनीच सांगा प्लीज.

फ्रीमाँटचा_बाबा
आमच्या मोठीनं कॉसमॉस केलं, म्हणजे गणित-विज्ञानाची उन्हाळी शाळा, यूसी डेव्हिस विद्यापीठात, चार आठवडे. आज बर्कलीत आहे. बाकी तुम्ही समजून घ्या. डोळे झाकून पाठवा.

साधा_माणूस
कॉसमॉस कॅलिफोर्नियातल्या मुलांसाठी असतं हो. या बाई न्यू जर्सीतल्या एडिसनच्या. नावातच लिहिलंय.

फ्रीमाँटचा_बाबा
उदाहरण दिलं फक्त.

जुना_खांब
पैसे भरून जायचंच कशाला? एमआयटीत आरएसआय असतं, संशोधनाचं उन्हाळी शिबिर, सहा आठवडे, फुकट. माझ्या चुलतभावाच्या साडूचा मुलगा गेला होता. तिथे घाला.

साधा_माणूस
'तिथे घाला' म्हणायला ती बालवाडी आहे का? देशोदेशीची मिळून शंभरेक मुलं घेतात, तीही अकरावी पूर्ण केलेली. ही दहावीत आहे.

केतकी_के
मुक्ता, आम्ही या पाकिटाला भुललेलो आहोत म्हणून लिहिते. आमच्याकडे 'मेडिसिन लीडरशिप' होतं, नऊ दिवसांचं. विद्यापीठाचा त्यात संबंध एवढाच की कंपनीनं त्यांच्या डॉर्म (वसतिगृहाच्या खोल्या) भाड्यानं घेतल्या होत्या. हे आम्हाला कळलं सोडायला गेल्यावर, गळ्यातल्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव बघून. दोनशे मुलं एका सभागृहात, आणि शस्त्रक्रियेचं प्रात्यक्षिक म्हणजे केळ्याला टाके घालणं. पोरगी घरी येऊन म्हणाली, "आई, केळं वाचलं नाही." नाव भरतकाम केलेला पांढरा कोट मिळाला, तो हॅलोविनला वापरला. कॉलेजच्या अर्जात त्या नऊ दिवसांवर तिला एक ओळ धड लिहिता आली नाही.

नाचणीची_भाकरी
केतकी +१. आणि डॉर्मचं जेवण! माझा मुलगा शाकाहारी, दोन आठवडे पिझ्झा आणि सिरियलवर काढले.

बे_एरियातला_बाळ्या
समर जॉब लावा. आमच्या चिरंजीवानं स्विम क्लबात लाइफगार्ड केलं. निबंध त्याच्यावरच लिहिला. कॉलेजांना कष्टाळू मुलं आवडतात.

मुक्ता_एडिसन
एच-४, दादा. वर लिहिलंय.

कोथरूडची_मावशी
इतकं कशाला गं छळता पोरांना? पाठव की आजीकडे दोन महिने. आंबे खाईल, मराठी सुधारेल.

मुक्ता_एडिसन
मावशी, पाठवलं असतं. पण तिच्या पासपोर्टातला व्हिसा संपलाय, परत येताना वकिलातीत नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग लागेल. ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट मिळाली नाही तर शाळा बुडणार. आणि रिकामी नसते हो ती. सध्या सोसायटीतल्या झाडांवरची लँटर्नफ्लाय या उपद्रवी किड्याची अंडी जुन्या क्रेडिट कार्डानं खरवडून पिशवीत भरते. कुठल्या झाडावर किती, ते वहीत मांडून ठेवते. गेल्या वर्षीपासूनचं खूळ आहे.

टॅक्स_गुरू
५४०० चं कशाला घाबरता? डिपेंडंट केअर एफएसएमधून (मुलं सांभाळण्याच्या खर्चाचं करमुक्त खातं) भरा, टॅक्स वाचेल.

साधा_माणूस
ते तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी. शिवाय रात्री मुक्कामाचा कॅम्प त्यात चालत नाही.

टॅक्स_गुरू
आम्ही घेतलं होतं.

साधा_माणूस
इथे नका सांगू मग.

पावसाळी_बेडूक
आमच्या कॉलेजसाठी मी गेली काही वर्षं माजी विद्यार्थी म्हणून मुलांच्या मुलाखती घेतो, त्यावरून सांगतो. ते नामांकन म्हणजे नुसती नाव-पत्त्यांची यादी. पीएसएटी या शाळेतल्या परीक्षेच्या वेळी स्टुडंट सर्च सर्व्हिसला, म्हणजे मुलांची नावं कॉलेजांना देणाऱ्या सेवेला, 'हो' म्हटलं असेल, तर अशी पाकिटं येतच राहणार. पैसे भरून जायचे बरेचसे प्रोग्राम स्वतःच्या पानावर स्पष्ट लिहितात की इथे आलात म्हणून प्रवेशाला मदत होईल असं नाही. कॉमन अ‍ॅपवर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) उपक्रमांच्या दहा जागा, प्रत्येकीत वर्णनाला १५० अक्षरं. वाचणाऱ्याला कुठल्या प्रोग्रामला चाळणी आहे आणि कुठे फक्त चेक लागतो, हे पाठ असतं. रॉस किंवा प्रोमिससारखे गणिताचे कॅम्प अर्जाबरोबरच गणितं सोडवून मागतात, त्यामुळे त्यांना वजन आहे.
तुमच्या न्यू जर्सीत गव्हर्नर्स स्कूल आहे, ड्रू विद्यापीठात विज्ञानाचं आणि रटगर्समध्ये इंजिनिअरिंगचं. शिकवणीची फी नाही. पण ते अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे पुढच्या वर्षी, आणि अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. शाळेतल्या काउन्सिलरला सप्टेंबरातच गाठा. या वर्षी मिडलसेक्स कॉलेजात उन्हाळ्याचा जीवशास्त्राचा एक कोर्स बजेटात बसावा. एच-४ ला काउंटीतल्या रहिवाशांचा दर लागतो का, ते फोन करून विचारा.
आणि ती अंड्यांची वही. मला मुलाखतीत अशी वही घेऊन आलेलं पोर आजवर भेटलेलं नाही. तिला म्हणावं, खरवडलेल्या झाडांवर पुढच्या वर्षी किती अंडी येतात तेही मोज.

फ्रीमाँटचा_बाबा
तरी कॉसमॉससारखं काही न्यू जर्सीत बघा.

जुना_खांब
हेच मी म्हणत होतो, फुकटचं बघा.

बे_एरियातला_बाळ्या
लँटर्नफ्लाय म्हणजे ते लाल पंखांचे किडे ना? आमच्याकडे नाहीत. बायकोच्या भावाकडे पेनसिल्व्हेनियात २०१४ पासून उच्छाद आहे. द्राक्षांचे मळे गेले लोकांचे.

नाचणीची_भाकरी
अवांतर: त्यांना व्हिनेगर मारलं तर मरतात का?

साधा_माणूस
झाडही मरेल.

मुक्ता_एडिसन
सगळ्यांचे आभार. बेडूक, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. गव्हर्नर्स स्कूलचं नक्की बघणार.
पण ५४०० भरले. झालं असं, की शेजारच्या तमिळ कुटुंबातली तिची मैत्रीण जातेय, दोघी एका खोलीत राहणार. लेक सोळा वर्षांची झाली, आजवर एक रात्र आमच्याशिवाय राहिलेली नाही. इतकी वर्षं व्हिसापायी तिला सगळ्याला नाहीच म्हणत आलो. यंदा नवऱ्याचा बोनस त्यात गेला. अ‍ॅडमिशनचं काय व्हायचं ते होवो. आणि केतकी, मी पत्राखालची बारीक अक्षरं वाचली. विद्यापीठाचाच आहे, कंपनीचा नाही.

टॅक्स_गुरू
मग धागा काढला कशाला?

केतकी_के
बरं केलंस. आता ऐक. डॉर्मची गादी ट्विन एक्सएल असते, घरची चादर पुरत नाही. जुन्या इमारतींना बहुतेक एसी नसतो. टेबल फॅन आत्ताच घेऊन ठेव, जुलैत दुकानात मिळत नाही.

नाचणीची_भाकरी
आणि लोणच्याची बाटली. प्लास्टिकची, काचेची नको.