१६ तास ठीक, पण कुठले?
इंटरमिटंट फास्टिंगबद्दल (रोज ठरावीक तास उपाशी राहण्याबद्दल) कोणीतरी लिहिलंय की १६ तास पोट रिकामं ठेवलं की झालं, मग दुपारी १ ते रात्री ९ खा नाहीतर सकाळी ८ ते ४, काय फरक पडतो. पडतो ना! रात्री मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) वाढायला लागलं की स्वादुपिंडातून शुगर उतरवणारं इन्सुलिन कमी सुटतं, म्हणजे तोच भात साडेनऊला खाल्ला तर शुगर जास्त चढते. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रीडायबेटिक (मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या) पुरुषांवर छोटासा अभ्यास झालाय, दुपारी ३ च्या आत शेवटचं जेवण, ५ आठवडे, वजन न घटताही इन्सुलिन नीट काम करायला लागलं आणि बीपीपण उतरलं. नोकरीवाल्याला ३ चं जमणार नाही हे मान्य, पण जैन लोकांसारखं सूर्यास्ताआधी उरकता आलं तर बघा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, उगाच शुगर लो व्हायची.