एसेक्सच्या तुरुंगातील रिकाम्या खाटा आणि आपला मालमत्ता कर

पासॅइककाठचा:
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, 2021 मध्ये एसेक्स, हडसन आणि बर्गन या काउंट्यांनी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी, आइसने (अमेरिकेच्या स्थलांतर अंमलबजावणी खात्याने) पकडलेली माणसे आपल्या तुरुंगांत ठेवणे बंद केले, हा भावनेच्या भरात केलेला आतबट्ट्याचा व्यवहार होता आणि त्याची भरपाई आता न्यू जर्सीतील घरमालक करीत आहेत. हे वाचून राग आवरला नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

1 जानेवारी 2017 पासून या राज्यात रोख जामिनाची पद्धत जवळजवळ संपली आणि खटल्याची वाट पाहत तुरुंगात असणाऱ्यांची संख्या 2015 च्या तुलनेत तीन वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. गरिबाला केवळ पैशांअभावी कोंडून ठेवणे थांबले, म्हणून खाटा रिकाम्या झाल्या. आता तुरुंग लहान करायचा, की बाहेरून माणसे आणून तो भरायचा? हडसनला आइसकडून माणशी दिवसाला 120 डॉलर मिळत होते. ज्या संस्थेचे अंदाजपत्रक भरलेल्या खाटांवर उभे असते, ती ताटातल्या अन्नावरच काटकसर करते. 2018 मध्ये संघीय महानिरीक्षकांच्या पथकाने पूर्वसूचना न देता एसेक्सच्या तुरुंगाची तपासणी केली, तेव्हा बुरशी आलेला पाव आणि बुळबुळीत झालेले मांस आढळले. त्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात विसरलेले भरलेले पिस्तूल एका स्थानबद्धाच्याच हाती लागले होते आणि ती घटना आइसला कळविलीही गेली नव्हती.

निवृत्त लेखापाल:
कालची ती प्रतिक्रिया माझीच होती, तेव्हा नाव घेऊन लिहिले असते तरी चालले असते. मी एका काउंटीच्या वित्त विभागात एकोणीस वर्षे काढली आहेत. खाट रिकामी राहिली म्हणून पहारेकऱ्याचा पगार, निवृत्तिवेतन, छताची डागडुजी यांतले काहीही कमी होत नाही. 120 डॉलरने एका खाटेचे वर्षाला 43,800 डॉलर होतात. ही रक्कम आपल्याला क्षुल्लक वाटत असेल, तर आपला हेवा वाटतो. शिवाय आपला कार्यकारणभावही चुकला आहे. एसेक्सने आइसशी मोठा करार 2011 मध्ये केला, आणि तेव्हा रोख जामीन जोरात होता.

करार संपल्यावर ती माणसे घरी गेली का? नाही. 2025 मध्ये एसेक्समधल्याच नेवार्क शहरातील डिलेनी हॉल हे स्थानबद्धता केंद्र 1,000 खाटांसह एका खाजगी कंपनीने आइससाठी पुन्हा उघडले. काउंटीच्या हातून पैसाही गेला आणि देखरेखीचा अधिकारही गेला. गाढवही गेले नि ब्रह्मचर्यही गेले, ते याला म्हणतात.

सुमेधा_दुभाषी:
लेखापाल साहेब, आपण दोघेही खाटांविषयी बोलत आहात, म्हणून खाटेवरच्या माणसाविषयी सांगते. मी हिंदी आणि मराठीची दुभाषी आहे. करार रद्द व्हावा म्हणून मीसुद्धा थंडीत फलक धरून उभी राहिले होते. एका ट्रकचालकाचा वकील त्याच्या तुरुंगापासून अर्ध्या तासावर होता. करार संपत आल्यावर त्याला एका रात्रीत दुसऱ्या राज्यात हलविण्यात आले, आणि त्याच्या पत्नीला ही बातमी चौथ्या दिवशी माझ्याकडून कळली. तिने मला विचारले, “ताई, तुम्ही जिंकलात ना?” मला उत्तर देता आले नाही. आजही तो करार नको होता असेच मी म्हणेन, परंतु सुटकेची सोय न करता तो बंद करणे हा आमचा उतावीळपणा होता.

एडिसनचे आजोबा:
माझा प्रश्न साधा आहे. करार असताना माझे कराचे बिल एका डॉलरने तरी कमी झाले होते का? राज्यातील सरासरी बिल आता वर्षाला 10,000 डॉलरच्या वर गेले आहे. माझी मुले शाळा सोडून पंचवीस वर्षे झाली, तरी निम्म्याहून अधिक कर शाळांकडेच जातो.

निवृत्त लेखापाल:
आजोबा, आपण मिडलसेक्स काउंटीत राहता; एसेक्सच्या कराराचा आपल्या बिलाशी संबंध येईलच कसा?

एडिसनचे आजोबा:
मी येथे येण्यापूर्वी बारा वर्षे नेवार्कला कर भरला आहे. आणि आपली मुले शिकली, तेव्हा त्यांचा खर्च कोणत्या म्हाताऱ्याने उचलला होता, हेही सांगा, म्हणजे मी त्याचे आभार मानतो.

निवृत्त लेखापाल:
माझ्या मुलांना येथे ओढण्याचे कारण नाही. शाळा चांगली असते, म्हणूनच आपल्या घराला किंमत येते. ते घर विकताना आपण शाळांचा वाटा परत करणार आहात का?

पासॅइककाठचा:
शाळांना आता सुट्टी द्यावी, ही विनंती. 2011 चा मुद्दा मला मान्य आहे; खाटा भरण्याची सवय जुनीच होती, जामिनाच्या सुधारणेने ती फक्त उघडी पडली. परंतु लेखापाल साहेब, ज्या डिलेनी हॉलचे भूत आपण मला दाखवता, त्याच इमारतीत 2011 च्या त्याच करारानुसार माणसे ठेवली जात होती, आणि ती तेव्हाही खाजगी संस्थाच चालवीत होती. हे आपल्या एकोणीस वर्षांच्या खातेवहीत दिसले नाही? शिवाय एसेक्सने आइसला निरोप देताना शेजारच्या युनियन काउंटीचे कैदी घेतले, म्हणजे उत्पन्नाचा दुसरा मार्ग होता.

सुमेधाताईंच्या अनुभवापुढे मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून एक भेद करतो. संघीय मार्शलांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या न्यायालयांतील आरोपी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ताब्यातील आरोपींचा खटला नेवार्कच्या न्यायालयात चालतो आणि मार्शलांकडे स्वतःचे तुरुंग नाहीत. त्यांना काउंटीने जवळ ठेवणे योग्यच आहे. आइसची स्थानबद्धता मुळात दिवाणी स्वरूपाची असते, तिला गुन्हेगारांच्या कोठडीत जागा देऊ नये.

निवृत्त लेखापाल:
म्हणजे मार्शलांचा पैसा पवित्र आणि आइसचा विटाळलेला, असा आपला सोवळ्याचा हिशेब आहे. असो. मार्शलांपुरते आपण माझ्या बाजूला आलात, एवढे मी नोंदवून ठेवतो, आणि डिलेनी हॉलविषयी माझी चूक झाली, हे नाइलाजाने लिहितो. आजोबा, शाळांच्या कराचा वेगळा धागा काढा. मी जेवून येतो.