विषय: शेजारच्या आजींची विंचेस्टर रायफल – किंमत कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, आधीच माफी मागतो. भोंडल्याच्या खिरापतीची चर्चा चालू राहू द्या.

इथे ऑग्डनला आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे चालल्या आहेत. आवराआवरीत यजमानांच्या कपाटातून एक जुनी रायफल निघाली. खाली लिव्हर ओढायची जात, नळी अष्टकोनी, सव्वीस इंच. एकाने तीनशे डॉलर देऊ केलेत आणि 'उद्याच नेतो' म्हणतोय. आजींच्या लेखी मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. सध्या रायफल आमच्याकडेच आहे.

दस्त्याजवळच्या मागच्या पट्टीवर 'मॉडेल 1894' आणि 21 ऑगस्ट 1894 अशी तारीख आहे. म्हणजे ती त्याच साली बनली ना? नेटवर अशाच एकीला साडेचार हजार मागितलेत. ही मात्र पार काळवंडली आहे, दस्ताही झिजलाय. खंडेनवमीला पूजेत ठेवायची म्हणतो. तोवर पितांबरीने लख्ख करून टाकतो, भावही चढेल.

– ऑग्डनहून

---

अरे थांब! पितांबरी खाली ठेव.

आधी ती रिकामी आहे का बघ. नळीचं तोंड माणसांपासून लांब, बोट चापाबाहेर. लिव्हर पूर्ण उघडून आत टॉर्च मार. नळीखालच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून बसतं. जराही शंका आली तर बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन जा, स्वतः खटपट नको.

आता तारीख. ती पेटंटची आहे, जन्माची नव्हे. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन, आणि तो तुझ्याच गावचा, ऑग्डनचा! तीच तारीख पुढे कित्येक वर्षं छापत राहिले. खरं साल क्रमांकावरून निघतं. तो खोक्याच्या (लिव्हरची यंत्रणा असते त्या लोखंडी पेटीच्या) तळाला, पुढच्या बाजूला असतो. 1898 किंवा त्याआधीची निघाली तर संघीय कायद्याने ती 'अँटिक' ठरते, विकताना परवानाधारक दुकानदार मध्ये लागत नाही. राज्याचे नियम मात्र वेगळे बघ. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत. 1894 मॉडेलच्या 353999 क्रमांकापर्यंतची नोंद तिथून पत्रावर मिळते, पैसे भरून. नळी कोणती, काडतूस कोणतं, माल कधी निघाला ते कळतं. कुणाकडे गेली हे सहसा नसतं. तेव्हा 'आमच्या पणजोबांनी याच बंदुकीने दरोडेखोर पळवले' ही गोष्ट ऐकायला छान, तिचे पैसे मागू नकोस.

दुर्मिळ म्हणशील तर नाही. या मॉडेलच्या सत्तर लाखांवर बंदुका निघाल्या. दहा लाखावी 1927 साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली. म्हणून सगळा भाव स्थितीवर. पिंपरीच्या टूलरूममध्ये वीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, तुला जो काळपटपणा दिसतोय तो मळ नाही. मूळची निळी झिलई उडाली की पोलाद हळूहळू एकसारखं तपकिरी होतं, आणि ते कुणी हात न लावल्याचं प्रमाणपत्र आहे. घासलेस तर कडा गोल होतील, अक्षरं बुजतील आणि जाणता गिऱ्हाईक लांबूनच ओळखेल. एनआरएच्या (अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या) प्रतवारीत 'फाइन'ला मूळ झिलई तीस टक्क्यांच्या वर लागते. तुझी त्यात बसणार नाही, पण 'गुड'मध्ये बसली तरी पुष्कळ.

एवढं बघून कळव: नळीवर काडतुसाचं नाव काय आहे, स्क्रूच्या खाचा चेपल्यात का, खोक्याच्या बाजूला दुर्बिणीसाठी नंतर पाडलेली भोकं आहेत का (मागच्या पट्टीवरचं भोक कारखान्याचंच असू शकतं, त्याला घाबरू नकोस), आणि नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ दिसतात की नुसते खड्डे.

साडेचार हजार ही मागितलेली किंमत आहे. मागायला काय जातं? लिलावात हातोडा कितीला पडला ते बघ. त्यातही गिऱ्हाइकाने वर भरलेलं लिलाववाल्याचं कमिशन धरलंय का, हेही बघ.

– डेन्व्हरचे काका

---

काका, रिकामीच आहे, दोनदा बघितलं.

क्रमांक एक लाख वीस हजारांच्या घरात. नळीवर '38-55'. भोकं नाहीत. स्क्रू एक सोडून धड आहेत. पीळ दिसतात, पण मधे काळे डाग आहेत.

एक घोळ झालाय. तुमची मेल वाचेपर्यंत, साताऱ्याहून आलेल्या आमच्या आईने 'शस्त्र असं मळकं पूजेला ठेवतात का' म्हणत चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी घासून काढली. आरशासारखी चमकतेय. बाकी वाचली, आमटीला फोडणी द्यायची होती म्हणून.

---

आमटीचे उपकार मान!

म्हणजे क्रमांकावरून 1898 ची, त्यातही 30-30 या नेहमीच्या काडतुसापेक्षा कमी दिसणारं काडतूस. डाग म्हणजे काळ्या दारूची राख वेळेवर पुसली गेली नसणार. माझा अंदाज आजींना हजार ते तेराशे मिळावेत. चकचकीत पट्टीचे शंभरेक वजा धर. विकताना ती कशाने घासली ते आपणहून सांग, नंतर कळलं तर उरलेल्या बंदुकीवरही शंका घेतील. मुद्दाम परत काळी करू नकोस. चिंचेचं आम्ल राहिलं असेल, तर ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून तेलाचा पातळ हात दे.

तीनशेवाल्याला 'विचार करते' एवढंच आजींनी सांगावं. खंडेनवमीला हळदकुंकू आणि फुलं शेजारच्या पाटावर ठेवा, लोखंडावर नकोत. ओली फुलं रात्रभर राहिली की सकाळी गंजाचा डाग दिसतोच.

आईंना काही बोलू नकोस.

– काका