दिवाळीची कोकण टूर: पाच दिवसांत अकरा ठिकाणं, यात समुद्र कुठं बसतो?

मांजराकाठ (लातूर):
सोयाबीन बाजारात गेलं की आमच्याकडं टूरवाल्यांचे फ्लेक्स लागतात. सध्या कॉलनीच्या ग्रुपवर एक पत्रक फिरायलंय: कोल्हापूर, मालवण, गणपतीपुळे, पाच दिवस, अकरा ठिकाणं, पुशबॅक बस, सोबत आचारी. लोक धडाधड नावं द्यायलेत. माझं म्हणणं, या पैशात समुद्र बघून होत नाही, बसच बघून होते.

सोलापूर-मिरज-कोल्हापूर करत मालवण पाचशेच्या आसपास किलोमीटर. जायला आख्खी रात्र वर अर्धा दिवस, यायला तेवढंच. मालवणात मुक्काम एक. त्यातच किल्ला, रॉक गार्डन, राजकोटचा पुतळा, तारकर्ली, देवबाग. सिंधुदुर्गाचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं आणि तीन वर्षं चाललं, आपण तो तासाभरात उरकतो. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे तिथं आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यायलेल्या लातूरच्या माणसानं तरी त्या विहिरीच्या काठावर घटकाभर उभं राहावं की नाही? पण शिट्टी वाजली की पळा.

परळीची लेक:
दादा, तुम्ही पुरुषमाणूस. मनात आलं की गाडी काढून निघता. आमच्या बचत गटातल्या बायकांनी घरी "समुद्र बघायचाय" म्हटलं तर "पंढरपूरला चंद्रभागा बघितली की" असं उत्तर येतं. टूर म्हटलं की सोडतात. सोबत शेजारीण असते, मॅनेजरचा नंबर घरी लिहून ठेवलेला असतो, रूममध्ये बायका-बायकाच.

माझ्या सासूबाईंनी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुद्र बघितला, तारकर्लीला. नऊवारीसकट फतकल मारून पाण्यात बसल्या. लाट आली की दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरायच्या, लाट गेली की मूठ उघडून बघायच्या, वाळू गेली कुठं! मॅनेजरनं शिट्टी वाजवली, उठल्या नाहीत. मग दुसरी बसली, तिसरी बसली. बस थांबली की नाही? थांबली. पाय धुवायला ड्रायव्हरनं भरून ठेवलेला पाण्याचा ड्रम तसाच पडून होता. किल्ला कधी बांधला हे सासूबाईंना सांगता यायचं नाही. त्यानं काय बिघडलं?

गोदाकाठ (नांदेड):
बस थांबली ते सासूबाईंचं कर्तृत्व, टूरचं नव्हे.

खरं दुखणं वेळापत्रकाचं आहे. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाहून जरा जास्तच पुढं सरकते. पत्रक मात्र छापून ठेवलेलं, त्यात "दुपारी 3: त्सुनामी आयलंड" हे प्रत्येक बॅचला तेच. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथला तो वाळूचा पट्टा. ओहोटीला त्यावर घोटाभर पाण्यातून चालता येतं. भरतीला गेलात तर होडीवाला बोट दाखवून "ते बघा, तिथं खाली" म्हणतो. आम्हाला तसंच दाखवलं. मुंज-लग्नाला आपण पंचांग काढतो, बोअर मारायला पाणाड्या बोलावतो, आणि समुद्राला जाताना तिथी बघत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीला कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळणारी गोष्ट आहे.

आणि जूनमधल्या स्वस्त टूरच्या नादी लागूच नका. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. माझ्या मेव्हण्याला एका टूरवाल्यानं हे जेट्टीवर पोचल्यावर सांगितलं.

निवृत्त गुरुजी (धाराशिव):
टूर हवीच कशाला? एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पासष्टीपुढं अर्धं, पंचाहत्तरीनंतर फुकट. "आवडेल तेथे प्रवास"चा चार आणि सात दिवसांचा पासही मिळतो. कोल्हापूर गाठायचं, तिथून मालवण गाडी. देवबागला घरगुती राहण्याची सोय भरपूर. पैसा त्या घरात जातो, मधल्याच्या खिशात नाही.

आणि सकाळी रापण बघायला मिळते. लांबच लांब जाळं होडीनं समुद्रात सोडलेलं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. दोन रांगा करून माणसं मागं सरकत सरकत ते ओढतात. मी दोराला हात लावला तर एक म्हातारबा फक्त "पाय रोवा" म्हणाले. शेवटी वाटणीत माझ्याही पुढ्यात चार बांगडे टाकले. मी माळकरी, घरमालकिणीला देऊन टाकले. टूरच्या बसमधली माणसं त्या वेळी चहाच्या रांगेत होती.

परळीची लेक:
गुरुजी, अर्ध्या तिकिटाचं खरं आहे. पण अपरात्री कोल्हापूर स्टँडवर उतरलेल्या आठ बायका डोळ्यांपुढं आणा. एकीचे गुडघे धरलेले, एकीची बीपीची गोळी घरी राहिलेली, आणि पुढची गाडी कधी ते चौकशीच्या खिडकीवर सांगायला कुणी नाही. तुमच्या हिशेबात तेही धरा.

तूरडाळ (भूम):
मुद्द्याचं कुणी बोलेना. मालवणात जाऊन आपल्याच आचाऱ्याच्या हातची वांग्याची भाजी खायची? तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, कोंबडी-वडे, सोलकढी सोडून? ही टूर नव्हे, गावाकडच्या लग्नाची पंगत आहे, नुसता मांडव मालवणात घातलाय.

निवृत्त गुरुजी:
भाऊ, सगळ्यांना ते चालत नाही. घावन-चटणी दोन दिवस गोड लागते, मग ज्वारीची भाकरी आठवायला लागते. पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही.

तूरडाळ:
मग घरीच बसा की.

विहिरीतला मुटका (जालना):
एकट्यानं जा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. आपली पोरं विहिरीत मुटका मारून पोहायला शिकलेली. विहिरीचं पाणी कुणाला ओढून नेत नाही. समुद्रात गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते, आणि आपल्या पोराला वाटतं, मला तर पोहता येतं. टूरमध्ये निदान कुणीतरी डोकी मोजतं.

गोदाकाठ:
डोकी बसमध्ये मोजतात, पाण्यात नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कुबाहून, म्हणजे नळकांडं लावून पाण्याखाली बुडी मारण्याहून, परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यामुळं टूरवाल्याला आधीच विचारा: लाइफ जॅकेट सगळ्यांना का? दमेकऱ्याला, बीपीवाल्याला स्कुबाला उतरवण्याआधी कोण बघणार? तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबा शिकवणारी संस्था आहे, तिथं चौकशी करता येते. चाळीस जणांचं स्कुबा दोन तासांत उरकायचं म्हटल्यावर हे प्रश्न कुणी विचारत नाही.

बसवाला (लातूर):
मी हाच धंदा करतो, म्हणून गप्प होतो. आता सांगतोच.

मागं एकदा दिवाळीला पत्रक काढलं: मालवण, तीन रात्री, एकच गाव, निवांत. फोन लई आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाकी काय दाखवणार?" अर्धी बससुद्धा भरली नाही. शेजारच्यानं तेवढ्याच पैशात डझनभर ठिकाणं लावली, त्याच्या दोन बस सुटल्या. ठिकाणं आम्ही वाढवत नाही, तुम्ही मोजता. गणपतीपुळे नसलं तर म्हातारी माणसं येत नाहीत, किल्ला नसला तर पोरं. ड्रायव्हरचा भत्ता, आचारी, बसचं भाडं सगळं दिवसावर असतं, बस उभी असली तरी. दिवाळीत हॉटेलवाला दर वाढवून बसलेला असतो, त्याला एक रात्र वाढवा म्हटलं की माणशी रेट बदलतो, आणि रेट बदलला की तुम्ही दुसरीकडं. देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर मोठी बस घातली अन् समोरून दुसरी आली की घड्याळ बघत बसायचं. फोंडा घाटात मागच्या सीटवाल्यांना आवळासुपारी अन् पिशव्या वाटायचं कामही आमचंच. शिट्टी हौसेनं वाजवत नाही.

मांजराकाठ:
बरं झालं बोललात. मग असं करा. मालवणात दोन मुक्काम, यादी निम्मी. किल्ला सकाळी, होडीवाल्याशी आधीच बोलून आत अडीच तास. देवबागची वेळ तिथी बघून. एक दुपार मोकळी: ज्याला झोपायचंय तो झोपेल, ज्याला मासळीचा लिलाव बघायचाय तो संध्याकाळी किनाऱ्यावर जाईल, तूरडाळला खानावळ सापडेल. आचारी सकाळ-रात्र, दुपारी ज्याचं त्यानं. गणपतीपुळे वगळा.

परळीची लेक:
गणपतीपुळे वगळलं की आमच्या गटातल्या निम्म्या गळाल्या. मोकळी दुपार मात्र पाहिजेच, सासूबाईंना विचारून सांगायलेय.

बसवाला:
ठीक. गणपतीपुळे ठेवतो, एक दिवस वाढतो, पैसेही वाढतात. चाळीस नावं अन् निम्मा ॲडव्हान्स द्या, बस लावतो. पण मग कोल्हापुरात थांबणार नाही. जाताना नाही, येताना नाही.

मांजराकाठ:
मंजूर.

निवृत्त गुरुजी:
कोल्हापूरवरून जायचं आणि अंबाबाईचं दर्शन नाही? असं कसं?

तूरडाळ:
आणि तांबडा-पांढरा?