कलोसियम नव्हे, नावोना चौक!
सगळ्यात भारी प्राचीन स्टेडियम कोणतं, या चर्चेत रोमच्या कलोसियमला 'रोमचं स्टेडियम' म्हटलंय, तिथे थोडी गल्लत होतेय. ते अँफिथिएटर, म्हणजे लंबगोल आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी. रोमचं खरं स्टेडियम डोमिशियन बादशहाने इ.स. ८६च्या सुमारास बांधलं, धावण्यासारख्या ग्रीक पद्धतीच्या स्पर्धांसाठी. आजचा पियाझ्झा नावोना त्याच जागेवर आहे. नकाशात बघा: लांबोडका चौक, एक टोक गोलसर. धावपट्टीवर चौक झाला आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर घरं उभी राहिली!

पण माझं मत ग्रीसमधल्या ऑलिंपियालाच, जिथे प्राचीन ऑलिंपिक खेळ व्हायचे. 'स्टेडियन' हे मुळात अंतराचं माप, ६०० ग्रीक फूट. तिथली धावपट्टी सुमारे १९२ मीटर भरते. सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून जागच्या जागी आहेत, आणि त्यांत पायाची बोटं रोवायला दोन समांतर खाचा. धावपटू उभ्यानेच सुटायचे. बहुतेक प्रेक्षक मातीच्या उतारावर बसत, संगमरवराचा थाट अथेन्सला. विवाहित बायकांना तर खेळ बघायलाही बंदी होती (डिमीटर देवीची पुजारीण तेवढी अपवाद). २००४च्या ऑलिंपिकमध्ये गोळाफेक मुद्दाम इथे ठेवली, पुरुषांची आणि महिलांचीही. तेव्हासुद्धा लोक त्याच गवताळ उतारावर बसले होते.