झेडपीची शाळा आधी उपाशी ठेवा, मग म्हणा मेली

गोदाकाठचा
गंगापूररोडकर यांनी काल लिहिलं: वीसच्या आत पट असलेल्या झेडपीच्या शाळा बंद करा, उरलेल्या कंपन्यांना दत्तक द्या, वाचलेला पैसा पालकांच्या खात्यात टाका, मग ज्याला हवी ती शाळा तो निवडेल. खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण राहवेना.

निवडेल कशातून? स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ चा. त्यातून निघालेल्या शाळा नाशिक शहरात पाथर्डी फाट्याला दिसतात, इंदिरानगरला दिसतात. हरसूलच्या पुढे पाड्यावर कोणी काढली? फी भरणारा नाही तिथे संस्थाचालक फिरकत नाही. त्याला दोष देत नाही, धंदा आहे तो. पण खात्यात आलेल्या पैशाचं त्या आईबापांनी करायचं काय?

पट का घसरतो तेही बघा. मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवण्याचा, निर्णय: सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं, तर शिक्षक शून्य. शिक्षकच नाही म्हटल्यावर पालक पोराला काढतो, पट आणखी खाली, आणि पुढच्या वर्षी आपणच म्हणायचं, बघा, कोणी येतच नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, कमी पटाच्या शाळेतला एक गुरुजी कंत्राटी, मानधन १५,०००, असा निर्णय काढला. ओरड झाली तेव्हा बदलला.

आणि कहर ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार म्हणालं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैत हायकोर्टाने ते रद्द केलं म्हणून बरं. म्हणजे गरिबाने खासगीत जायचं नाही कारण शेजारी सरकारी शाळा आहे, आणि सरकारी शाळा मिटवायची कारण तिथे पट नाही. पोराने जायचं कुठे, तेवढं सांगा.

दरेवाडी विसरलात? इगतपुरी तालुका, भाम धरणामुळे उठलेली वस्ती. शाळा बंद केली तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये पोरं बकऱ्या घेऊन झेडपीकडे निघाली होती. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या.'

गंगापूररोडकर
भावना बाजूला ठेवा, हिशेब मांडा. आठ मुलं, दोन शिक्षक. त्या दोन पगारांत आठही मुलं चांगल्या निवासी शाळेत ठेवता येतील. मी स्वतः सिन्नर तालुक्यात झेडपीत शिकलोय, मला शाळेचं प्रेम शिकवू नका. आमचे गुरुजी गावातच राहायचे. संध्याकाळी दारात यायचे, पोरगा अभ्यासाला बसला का विचारायला. आताचे राहतात नाशिकला, घरभाडे भत्ता गावचा, आणि मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडलेला. आधी यावर बोला, निधीचं नंतर.

निफाडचा बागायतदार
शंभर टक्के. आमच्या गावात एक गुरुजी मुक्कामी नाही. चौघं एका गाडीत येतात, एकाला उशीर झाला की चारही वर्ग व्हरांड्यात. आमदार बंब २०२२ ला हेच बोलले तर केवढा थयथयाट झाला होता.

पेठच्या बाई
मी झेडपीची शिक्षिका. बोलणार नव्हते.

मुख्यालयी राहा म्हणता, कुठे राहू? रुजू झाले तेव्हा खोली शोधली. मिळाली ती गोठ्याला लागून, संडास नाही, दार आतून लागत नाही. एक पावसाळा काढला, मुलीला टायफॉइड झाला, मग नाशिकला खोली केली. शिक्षकांसाठी घरं सरकारने बांधायची, ती कुठेच दिसत नाहीत. आणि तो ठराव खोटा आहे हे सरपंचाला माहीत असतं, वरच्या ऑफिसला माहीत असतं, तरी दरवर्षी फाइलला लागतोच. खोटं लिहायला आम्हाला कोण लावतं?

यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती मी भरते, पोषण आहाराचा तांदूळ मी मोजते, बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन घरोघर मी फिरते. मधल्या वेळात शिकवते. तीसच्या आत पट असला की समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाने शाळेला वर्षाचं अनुदान दहा हजार. खडू, झाडू, वीजबिल, गळका पत्रा, सगळं त्यातच.

निफाडचा बागायतदार
बाई, तुमचं दुःख मान्य. पण मग भत्ता कशाला उचलता?

सिडकोचा जुना
तलाठी कुठे राहतो ते विचारलंत कधी? ग्रामसेवक? आरोग्य केंद्राचे डॉक्टर? सगळा जिल्हा नाशिकहून अप-डाऊन करतो आणि पकडायचे फक्त मास्तर. का, तर मास्तर उलटून बोलत नाही. सिंहस्थाला हजारो कोटी निघतात, रस्ते होतात, घाट होतात, शाळेचा पत्रा बदलायला मात्र...

निफाडचा बागायतदार
कुंभमेळा इथे आणू नका. तलाठी खातो म्हणून गुरुजींनीही खायचं, असा न्याय आहे का भो? बारा वर्षं सातबाऱ्याच्या नोंदीसाठी चकरा मारतोय, तलाठ्याचं मला सांगू नका. ते प्रकरण वेगळं लिहीन.

पेठच्या बाई
'खाते' हा शब्द मागे घ्या. सेवेच्या सुरुवातीला शिक्षणसेवक म्हणून सहा हजारांवर काम केलंय मी. तेव्हा एकानेही विचारलं नाही की बाई, तुम्ही खाता काय.

निफाडचा बागायतदार
तलाठ्याला म्हणालो, तुम्हाला नाही. लागलं असेल तर घेतो मागे. ठराव खोटा आहे हे मात्र तुम्हीच लिहिलंत.

इंदिरानगरची आई
तुमचा मुख्यालयाचा तमाशा आटोपला असेल तर मी बोलू का? माझी दोन्ही मुलं खासगी इंग्रजी शाळेत आहेत. नाव घेत नाही. दरवर्षी फी वाढते. पुस्तकं, बूट, अगदी मोजेसुद्धा ठरलेल्या दुकानातून. शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे ना? मी तक्रारीला निघाले तर कळलं, २५ टक्के पालकांच्या सह्या लागतात. ग्रुपवर सगळे वाघ, सहीच्या दिवशी कोणाचा पेन सापडेना. गंगापूररोडकर, तुमची निवड असते ती एवढीच. निवडायचं एकदा, मग दहा वर्षं भरत बसायचं.

गंगापूररोडकर
ताई, मग काढा ना मुलांना आणि घाला मनपाच्या शाळेत. नाही ना घालणार? तेच मी म्हणतोय.

इंदिरानगरची आई
हो, नाही घालणार. कारण जवळच्या शाळेत दोन वर्गांना एक बाई आहेत. मला शाळा नको असं नाही, दुसऱ्या बाई हव्या आहेत. तुम्ही मला कूपन देताय.

कॉलेजरोड
खासगी म्हटलं की भुतासारखे दचकता. मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक, १९१४ पासून आहे, रयत शिक्षण संस्था १९१९ पासून. त्याही खासगीच ना? अर्धा जिल्हा तिथे शिकला.

गोदाकाठचा
त्या संस्था बहुजनांच्या पोरांसाठी निघाल्या, आणि त्यांच्या अनुदानित शाळांतले पगार सरकार देतं. शाळा संस्थेची, पैसा सार्वजनिक. उद्या ते अनुदान बंद करा आणि मग बघा किती गावांत शाळा टिकते ते. दत्तक योजनेशी तुलना तर करूच नका. ग्रामीण शाळेला पाच वर्षांसाठी ५० लाख, दहासाठी एक कोटी, तेही वस्तू आणि सेवांच्या रूपात, बदल्यात शाळेला देणगीदाराचं नाव. शिक्षक त्यातून एकही येत नाही.

मुख्यालयावर एवढं रामायण झालं म्हणून सांगतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळीची झेडपी शाळा बघून या. वर्षाचे ३६५ दिवस भरते, मुलं दोन्ही हातांनी लिहितात.

निफाडचा बागायतदार
हेच! तिथले गुरुजी करू शकतात, मग बाकीच्यांना काय धाड भरली?

सिडकोचा जुना
एक माणूस स्वतःला जाळून शाळा चालवतो, त्याला धोरण म्हणत नाहीत.

गंगापूररोडकर
पुष्कळ झालं. दरेवाडीसारखी जागा असेल, जवळ दुसरी शाळा नसेल, तिथे बंद करू नका, एवढं लिहून देतो, खूश? आरटीईच्या एक किलोमीटरचा मुद्दाही तुमचा, घ्या. पण द्राक्षपट्ट्यात डांबरी रस्त्यावर हाकेच्या अंतरावर दोन शाळा, दोन्हीत पट दहाच्या आत, त्या एकत्र करायला काय हरकत आहे?

गोदाकाठचा
तिथे हरकत नाही. लहान पोरांसाठी गाडीची सोय आधी, कुलूप नंतर. आदेशात मात्र नेहमी उलटं असतं.

गंगापूररोडकर
चला, एका ठिकाणी तरी 'नाही' म्हणालात. भत्त्याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

पेठच्या बाई
देते ना. दार आतून लागेल आणि संडास असेल अशी खोली गावात मिळवून द्या. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरते, आणि ग्रामसभेला तुम्हीच या साक्षीदार म्हणून.